मधमाश्यांचा ऱ्हास व आपली शेती

गुलमंडी या नांवाचा सरळ अर्थ घेतला तर तो फुलांचा बाजार असा होतो. छत्रपति संभाजीनगरच्या जुन्या वस्तींतील या पेठेंत आज कापड, भांडीं, दागदागिने व मिठाई यांचीच दुकानें अधिक. तथापि सुपारी हनुमानाच्या देवळाजवळ हारफुलें अजूनही मिळतात, आणि तेथून थोड्याच अंतरावर औरंगपुऱ्याची भाजीमंडई लागते. मागील महिन्यांत कांहीं कामानिमित्त शहरांत जाणें झालें, तेव्हां या मंडईंत मी थोडा वेळ उभा राहिलों. एक बाई काकड्या निवडीत होत्या. जिचा शेंडा बारीक होऊन वांकला होता अशी प्रत्येक काकडी त्या बाजूस टाकीत आणि म्हणत, "अहो, असला वांकडा माल कशाला आणतां?" विक्रेता म्हणाला, "बाई, मळ्यांतूनच असा येतो, आम्ही काय करावें?" दोघांचेंही म्हणणें खरें होतें. काकडी वांकडी होण्यास पाण्याचा ताण वगैरे अनेक कारणें असतात. परंतु उघड्या रानांतील काकडीचें एक मोठें कारण असें कीं, मादी फुलावर पुरेशा माश्या आल्या नाहींत तर फळाच्या एका भागांत बी धरत नाहीं, आणि जेथें बी धरत नाहीं तेथें गर भरत नाहीं. जी माशी त्या फुलावर आली नाहीं, तिचा हिशेब त्या टोपलींत पडलेला होता. मात्र तो वाचणारा तेथें कोणी नव्हता.

मधमाशीचा विषय निघाला कीं आपल्या लोकांस प्रथम मध आठवतो, मग औषध आठवतें, आणि शेवटीं डंख आठवतो. पीक आठवत नाहीं. शेतकीविषयक लेखनांतही मधमाशी बहुधा जोडधंदा या सदराखालीं येते. माझें म्हणणें असें कीं, हा जोडधंद्याचा प्रश्न नसून मूळ धंद्याचा प्रश्न आहे. माशी नाहींशी होण्यांत कारखानदार, सरकार व हवामान यांचा वांटा असेल. परंतु एक वांटा आपला स्वतःचा आहे, आणि तो आधीं कबूल केल्याखेरीज दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्यास पोंचत नाहीं.

प्रथम भय किती व कोठें आहे हें नीट मोजलें पाहिजे, कारण अतिशयोक्तीनें खऱ्या गोष्टीचेंच नुकसान होतें. माशी संपली तर चार वर्षांत मनुष्यजात संपेल, असें एक वाक्य आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाच्या नांवावर जिकडेतिकडे सांगितलें जातें. तें त्याच्या लेखनांत कोठेंही आढळलेलें नाहीं, आणि त्यांतील विधानही खरें नाहीं. ज्वारी, बाजरी व मका यांचे पराग वाहून नेण्याचें काम वारा करतो. गहूं, भात, हरभरा व सोयाबीन हीं पिकें बव्हंशीं स्वतःच्याच परागानें फळतात. ऊंस आपण कांडीनें लावतों, केळ मुनव्यानें, हळद गड्ड्यानें. सीताफळाच्या फुलांत तर मधमाशी जातच नाहीं. तें काम बारीक भुंगेरे करतात. माशी गेली म्हणून यांतील एकही पीक बंद पडणार नाहीं.

मग जाणार तें काय? कांदा, गाजर, मुळा, कोबी व कोथिंबीर यांचें बी. काकडी, कारलें, टरबूज, खरबूज व लाल भोपळा. सूर्यफूल, करडई, मोहरी व कारळा यांच्या उत्पन्नाचा कमीअधिक भाग. डाळिंब, पेरू, जांभूळ व बोर यांच्या फळधारणेचा कांहीं अंश. थोडक्यांत सांगावयाचें तर भाकरी राहील, कालवण जाईल. जैवविविधतेच्या अभ्यासासाठीं अनेक राष्ट्रांनीं मिळून स्थापिलेल्या मंचानें २०१६ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यांतील आंकडे हेंच सांगतात. जगांतील प्रमुख अन्नपिकांपैकीं शेंकडा ७५ हून अधिक पिकें परागवाहक प्राण्यांवर थोडींफार तरी अवलंबून आहेत. या पिकांचा एकूण उत्पादनांतील वांटा शेंकडा ३५ आहे. आणि केवळ या प्राण्यांमुळें प्रत्यक्ष पदरांत पडणारें उत्पादन शेंकडा ५ ते ८ आहे. शेंकडा पांच-आठ हा आंकडा ऐकून कोणी निश्चिंत होईल. परंतु बाजाराची रीत आपल्यास ठाऊक आहे. कांद्याची आवक थोडी घटली कीं भाव कोठें जातात व त्यावरून किती रणें माजतात, हें आपण अनेकदां पाहिलें आहे. शिवाय हें पांच-आठ शेंकडा नेमकें कोणत्या अन्नांत आहे तें पाहावें. धान्यानें पोट भरतें. परंतु डोळ्यांस, रक्तास व वाढत्या मुलांच्या अंगास लागणारीं जीवनसत्त्वें भाजी व फळ यांतून येतात, आणि तीं पिकेंच माशीवर अधिक अवलंबून आहेत. तेलाचेंही तसेंच. आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत ओलीवर येणारी करडई हें आपलें घरचें तेल होतें. सोयाबीन आल्यापासून तिचें क्षेत्र आटत गेलें. आणि तिच्याबरोबर पौष-माघांतील माश्यांचा चाराही आटला.

आतां आपल्याकडील माश्या कोणत्या, हें थोडक्यांत सांगतों. पहिली आग्या माशी. ही उंच कड्यावर, जुन्या इमारतींवर किंवा वडपिंपळाच्या फांदीवर एकच मोठें मोहोळ उघड्यावर लटकविते. अजिंठ्याच्या लेण्यांच्या कड्यावर हिचीं मोहोळें असतात, आणि तिच्या हल्ल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. ही पेटींत पाळतां येत नाहीं. दुसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलींत, भिंतीच्या पोकळींत अंधारांत एकापुढें एक अशीं पोळीं बांधिते. हीच आपली पेटींत राहणारी देशी माशी. तिसरी फुलोरी, बारीक अंगाची, झुडुपाच्या फांदीवर तळहाताएवढें पोळें करणारी. यांशिवाय डंख नसलेली इवलीशी माशी आहे, आणि एकट्या राहून जमिनींत किंवा वाळक्या काडींत घर करणाऱ्या अनेक रानमाश्या आहेत, ज्यांस आपण नांवही दिलेलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत पंजाब व हिमाचल प्रदेशांत युरोपीय मेलिफेरा जातीची माशी यशस्वीपणें रुजविण्यांत आली. आज व्यापारी मधपाळांच्या पेट्यांतून बहुधा हीच असते. ती सातेरीपेक्षां कितीतरी अधिक मध देते, परंतु फुलें नसतील तेव्हां तिला साखरेचा पाक पाजावा लागतो, आणि फुलोरा असेल तेथें तिच्या पेट्या हलवाव्या लागतात.

या माश्यांवर संकट आलें तें एकाच बाजूनें नाहीं. रोग हें एक कारण. १९९१-९२ च्या सुमारास सातेरीच्या अळ्यांस मारणाऱ्या, थायी सॅकब्रूड नांवाच्या विषाणूच्या साथीनें केरळ, तामिळनाडू व कर्नाटक या प्रांतांत शेंकडा नव्वदांच्या आसपास वसाहती बसविल्या. हजारो कुटुंबांच्या रिकाम्या पेट्या अंगणांत पडून राहिल्या. अमेरिकेंत २००६-०७ च्या हिवाळ्यांत पेट्यांतील कामकरी माश्या राणीस व पिलांस टाकून अकस्मात् नाहींशा होऊं लागल्या. त्याचें कारण एक सांपडलें नाहीं, तर व्हॅरोआ नांवाचा गोचिडीसारखा जीव, विषाणू, उपासमार व कीटकनाशकें या सर्वांचा तो एकत्र परिणाम असावा असें मानलें जातें. तथापि रोगापेक्षां आपल्या हातांतील कारणें अधिक महत्त्वाचीं आहेत, आणि तीं मुख्यतः तीन.

पहिलें कारण चाऱ्याचें. बांधावरची बाभूळ, निंब, करंज, बोर व जांभूळ आपण यंत्राच्या फेऱ्यास आड येतात म्हणून तोडलीं. जें गवतफूल बांधावर उरलें होतें, ती एकदांडी, तो कुर्डू, ती रानतुळस, तेंही तणनाशकाच्या एका फवाऱ्यानें आपण पिवळें करतों. मैलभर सलग सोयाबीन किंवा सलग ऊंस हें माशीच्या दृष्टीनें बव्हंशीं ओसाड रान आहे. दुसरें कारण मध काढण्याच्या रीतीचें. रात्रीं मशाल लावून आग्या मोहोळ जाळावयाचें, माश्या, अळ्या व पिलें यांसह सगळें पोळें खालीं ओढावयाचें आणि पिळून बाटल्या भरावयाच्या, ही रीत अजून सुटलेली नाहीं. वास्तविक मध पोळ्याच्या एका भागांतच असतो. तेवढाच कापून घेतला व पिलांचा भाग राखला तर वसाहत जगते, व पुनः मध मिळतो. दुभती गाय कापून दूध काढण्याजोगा हा व्यवहार आहे. तिसरें, आणि माझ्या मतें सर्वांत मोठें कारण, फवारणीचें. त्याविषयीं दुसऱ्याचें उदाहरण न देतां मी माझेंच देतों.

माझें शेत फुलंब्री तालुक्यांत आहे. कांहीं वर्षांपूर्वी मीं अर्ध्या एकरांत कांद्याचे डोंगळे बियाण्यासाठीं लावले होते. कांद्याच्या गोंड्याची गोष्ट अशी कीं, त्यांत शेंकडो बारीक फुलें असतात, आणि प्रत्येक फुलांतील पराग आधीं झडून जातो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळें एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या उपयोगी पडत नाहीं. तो दुसऱ्या फुलावरून कोणी तरी आणून द्यावा लागतो, आणि हें आणून देण्याचें काम मुख्यतः मधमाशी करते. त्या वर्षीं गोंडे उमलले तेव्हां शेजारच्या मळ्यांत एका मधपाळानें पेट्या आणून ठेविल्या होत्या. सकाळीं डोंगळ्यांत गेलें कीं कानांत गुणगुण भरून जाई. तेवढ्यांत पातींवर व गोंड्यांत फुलकिडे दिसूं लागले. मीं एका दुकानांतून औषध आणलें. दुकानदारानें पीक फुलावर आहे काय हें विचारलें नाहीं, आणि मींही सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास, मजूर हातांत होता म्हणून, ऐन फुलावर मीं फवारा मारविला.

संध्याकाळीं सरींत माश्या पडलेल्या दिसल्या. कांहीं पाठीवर पडून पाय हलवीत होत्या. दोन दिवसांनीं तो मधपाळ बांधावर आला. पंचविशीच्या आंतबाहेरचा मुलगा होता, पेट्यांच्या तोंडाशीं मेलेल्या माश्यांचा थर पडल्याचें त्यानें सांगितलें आणि विचारलें, "काका, इकडे सकाळच्या वेळीं कोणी फवारा मारला का हो?" मी म्हणालों, "आजूबाजूला सगळेच मारतात, बाबा. कोणाचें नांव घ्यावें?" त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. रात्रीं टेम्पो आणून उरलेल्या पेट्या तो घेऊन गेला. त्या वर्षीं माझे डोंगळे कमरेएवढे उंच होते, गोंडे भरगच्च दिसत होते, आणि बी उफणावयास घेतलें तेव्हां त्यांतील बरेचसें पोकळ निघून वाऱ्याबरोबर उडून गेलें. मागील वर्षाच्या निम्मेंही बी हातीं लागलें नाहीं. फुलकिड्यांनीं माझें जितकें नुकसान केलें असतें त्याहून अधिक मीं स्वतःच करून घेतलें, हा हिशेब मला तेव्हां कळला. परंतु त्या मुलाचें जें नुकसान झालें त्याचा हिशेब मीं कोणासच दिला नाहीं. तो आज येथें देत आहें.

या प्रसंगावर विचार करतां एक गोष्ट ध्यानांत आली. माशीचा सातबारा नसतो. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत चरावयास जाते, मेलिफेरा तीन किलोमीटरपर्यंतही जाते. तेवढ्या टापूंत शंभर खातेदार असतील. कोणाच्या शेतांत तिचें घर, कोणाच्या शेतांत तिचा चारा, कोणाच्या शेतांत तिचें मरण. बैल मेला तर पंचनामा होतो, विहिरींत कोणी विष टाकलें तर गांव गोळा होतो. माशी मेली तर ती कोणाचीच नसते म्हणून तिच्यासाठीं कोणी उठत नाहीं. जी वस्तु सर्वांच्या उपयोगाची पण कोणाच्याच नांवावर नाहीं, ती राखण्याचें काम एकट्या शेतकऱ्याच्या सद्बुद्धीवर सोडून चालत नाहीं. मीं उद्यां सकाळची फवारणी बंद केली व माझ्या शेजाऱ्यानें चालू ठेविली, तर माश्या मरावयाच्या त्या मरतीलच. म्हणून हें काम गांवानें मिळून, आणि आपल्यासारख्या संस्थेनें पुढाकार घेऊन, करण्याचें आहे.

येथें माझ्यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, औषध न मारावें तर पीक राहणार कसें? औषध मुळींच मारूं नये असें मी म्हणत नाहीं. केव्हां, कोणतें व किती, एवढेंच विचारतों. माशी दिवसा चरते. सूर्यास्तानंतर फवारलेलें, लवकर विरणारें औषध तिला पुष्कळ कमी बाधतें. भुकटी अंगास चिकटून पोळ्यांत जाते, म्हणून ती फुलावर कदापि धुरळूं नये. बियाण्यास चोळण्याचीं इमिडाक्लोप्रिड वगैरे आंतरप्रवाही औषधें रोपाबरोबर वाढत फुलाच्या मधांत व परागांत अल्प प्रमाणांत उतरतात. तीं माशीस लगेच मारीत नसलीं तरी तिला घराची वाट विसरावयास लावतात, असें अनेक प्रयोगांत दिसलें आहे. याच कारणास्तव युरोपीय संघानें इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम या तिन्हींवर २०१३ सालीं निर्बंध घातले, आणि २०१८ सालीं उघड्या शेतांत त्यांचा वापर बंद केला. आपल्याकडे हीं सर्रास विकलीं जातात. आणि हा प्रश्न केवळ माशीचा आहे असें कोणी समजूं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. जें विष माशीच्या बाबतींत आपण हिशेबांत धरीत नाहीं, तेंच शेवटीं फवारा मारणाऱ्याच्या श्वासांत जातें.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. संध्याकाळीं मजूर मिळत नाहीं. अंधारांत साप-विंचवाचें भय. पंपाची वीज पुष्कळदां रात्रीं येते, तेव्हां माणूस पाणी देण्यांत गुंतलेला असतो. या अडचणी मला मान्य आहेत, कारण मीही सकाळीं फवारलें तें याच कारणानें. म्हणूनच नुसता उपदेश करून भागणार नाहीं, सोय करून दिली पाहिजे, असें मी म्हणतों.

तिसरा आक्षेप असा कीं, माश्या कमी झाल्या तर पेट्या भाड्यानें आणतां येतात. मग रानमाशीची एवढी काळजी कशाला? पेट्या आणाव्या, हें ठीकच आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत बदामाच्या बागांसाठीं एकरीं दोन पेट्या धरून सगळ्या देशांतून दरवर्षी पेट्या गाड्या भरभरून आणाव्या लागतात. पण त्यांतील धडा पाहावा. १९६१ पासून सुमारें पन्नास वर्षांत जगांतील पाळीव पेट्या शेंकडा ४५ नीं वाढल्या, आणि माशीवर अवलंबून असलेल्या पिकांचें उत्पादन त्याच काळांत तिपटीहून अधिक वाढलें. म्हणजे पेट्या वाढूनही मागणीस पुरल्या नाहींत. मधली भर आजवर रानमाश्यांनीं फुकट घातली, आणि घटत आहेत त्या याच. शिवाय ज्या शिवारांत फवारा थांबत नाहीं त्या शिवारांत पेटी आणणारा दुसऱ्या वर्षीं येत नाहीं. तो मुलगा माझ्या शेजारीं पुनः आला नाहीं. माशी अजिबात नसेल तर काय होतें हें चीनच्या सिचुआन प्रांतांतील हानयुआन परगण्यांत पाहावयास मिळतें. तेथील शेतकरी नासपतीच्या झाडांवर चढून पिसांच्या काठीनें फुलाफुलास पराग लावतात. आपल्या जवळचें उदाहरण हवें तर जालना जिल्ह्यांत पाहावें. संकरित कपाशीच्या बियाण्यासाठीं बाया संध्याकाळीं कळ्यांतील पुंकेसर खुडतात व सकाळीं हातानें पराग लावतात. त्या बियाण्याची किंमत मोठी म्हणून ती मजुरी परवडते. कांद्याच्या एका गोंड्यांतील शेंकडो फुलांस, अगर काकडीच्या मळ्यांतील प्रत्येक मादी फुलास, तीन महिने रोज सकाळीं अशी मजुरी कोणास परवडणार आहे?

सरकार कांहींच करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. महाबळेश्वर येथें राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मधसंचालनालय आहे. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. आणि केंद्र सरकारनें २०२० सालीं मधमाशीपालनाच्या राष्ट्रीय मोहिमेसाठीं ५०० कोटी रुपयांची तरतूद सांगितली. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु यांतील बहुतेक योजनांचा हिशेब मधाच्या किलोंत होतो. एका खात्यानें पेटीस अनुदान द्यावें आणि त्याच शिवारांत दुसऱ्या बाजूनें फुलावरच्या फवारणीस कोणी आडकाठी करूं नये, हा प्रकार एका हातानें पेरावें व दुसऱ्या हातानें उपटावें असा आहे. मांघरसारख्या गांवीं जें जमतें त्याच्या पाठीशीं सह्याद्रीचें जंगल आहे. आपल्या माळावर तें नाहीं. येथें जंगलाची जागा बांधानेंच भरून काढावी लागेल.

यास्तव आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें पुढील गोष्टी ठरावरूपानें याव्या, अशी माझी सूचना आहे. पहिली, ज्या गांवीं आपले वीसांहून अधिक सभासद आहेत तेथें बियाण्याचीं व वेलवर्गीय पिकें फुलावर असतां दिवसा फवारणी न करण्याचा निर्बंध सभासदांनीं आपखुषीनें स्वीकारावा. आणि फवारणी टाळतां येत नसेल तर आदल्या दिवशीं गांवांत वर्दी द्यावी, म्हणजे पेटीवाल्यास पेट्यांचीं तोंडें बंद करतां येतील. दुसरी, संध्याकाळच्या फवारणीसाठीं संस्थेनें दोन-तीन गांवांमिळून एक टोळी, तिचे दिवे, हातमोजे व तोंडावरचे बुरखे यांसह ठेवावी, व जादा मजुरीचा कांहीं भाग संस्थेनें सोसावा. तिसरी, संस्थेच्या दुकानांतून औषध देतांना "पीक फुलावर आहे काय?" हा प्रश्न विचारल्याखेरीज डबा देऊं नये, आणि उत्तर वहींत लिहून घ्यावें. चौथी, दर सभासदानें आपल्या एका तरी बांधावर तणनाशक न मारतां तो फुलता ठेवावा. कडेनें करडई, मोहरी, कोथिंबीर व शेवगा लावावा, आणि निंब, करंज, जांभूळ यांतील दोन झाडें तरी जगवावीं. उन्हाळ्यांत एका पसरट भांड्यांत खडे घालून पाणी ठेवावें; त्यास खर्च कांहींच नाहीं. पांचवी, मोहोळ जाळणाऱ्याचा मध सभासदांनीं विकत घेऊं नये. राखून कापणाऱ्यास चार पैसे अधिक द्यावे. आणि सहावी, फवाऱ्यामुळें कोणा मधपाळाच्या पेट्या मेल्यास त्यास कांहीं भरपाई देतां यावी म्हणून संस्थेंत एक लहानसा निधि असावा. त्यांत पहिली रक्कम माझी धरावी. ती कोणत्या देण्यापोटीं आहे हें वर सांगितलेंच आहे.

यांतील कोणतीही गोष्ट सरकारी हुकुमाची वाट पाहणारी नाहीं. हुकूम यावा, विषारी औषधांच्या विक्रीवर कडक निर्बंध यावे, दिवसा वीज मिळावी, यासाठीं मागणी आपण अवश्य करूं. परंतु ती करतांना आपले हात स्वच्छ असले तर आपल्या शब्दास अधिक वजन येईल.

शेतकरी बंधूंनो, गुलमंडींत उभें राहून भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकास माशी दिसत नाहीं, आणि ती दिसावी अशी अपेक्षाही करतां येत नाहीं. आपल्यास मात्र ती रोज दिसते, किंवा दिसेनाशी झाली हें तरी आपल्यासच प्रथम कळतें. यंदा माघांत आपल्या शिवारांतील कांद्याचे गोंडे किंवा करडईचीं बोंडें फुलतील तेव्हां एका सकाळीं दहा मिनिटें बांधावर स्वस्थ उभें राहून कान द्यावा, आणि गुणगुण ऐकूं येते किंवा नाहीं हें आपल्या गांवाच्या नांवासह या मासिकास एका कार्डावर कळवावें, अशी सर्वांस नम्र विनंती आहे. तेवढ्यावरून सुद्धां पुढील वर्षीं कोठें काय करावयाचें हें आपल्यास ठरवितां येईल.